रात्रभर बाहेर राहिलेलं शिजवलेलं अन्न खावं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उरलेलं अन्न टाकताना आपल्याकडे कोणाचाही हात जड होतो, आणि ते योग्यच आहे. वाटीभर आमटीमागे डाळ असते, गॅस असतो, कोणाचा तरी तासभर असतो. पण याच हळहळीपोटी वाढू नये असं अन्नही आपण कधी कधी लेकरांच्या ताटात वाढतो. अन्न वाया जाऊ नये आणि पोटही बिघडू नये, या दोन्हीसाठी खालची उत्तरं लिहिली आहेत. त्यासाठीचा निर्णय सकाळी पातेल्याचं झाकण उघडून घेता येत नाही, तो रात्री जेवणं उरकल्यावरच घ्यावा लागतो.

रात्री केलेली आमटी-भाजी सकाळपर्यंत ओट्यावरच राहिली. खाल्ली तर चालेल का?

आमटी, वरण, उसळ, रस्साभाजी, भात, खिचडी, पिठलं, अंडी, चिकन, मटण, मासे, खीर, बासुंदी यांपैकी काही असेल तर खाऊ नका. पोळी, भाकरी, कोरडी चटणी असेल तर बहुतेक वेळा चालतं. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

कारण असं की शिजवलेल्या ओलसर अन्नात ५ ते ६० अंश सेल्सियसच्या दरम्यान जिवाणू झपाट्याने वाढतात. म्हणून शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त वेळ घरातल्या तापमानाला ठेवू नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर अमेरिकेचं कृषी खातं एकच तास देतं. आता नागपूर, जळगाव किंवा चंद्रपूरचं मे महिन्यातलं स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आणा. तिथे रात्री दहालाही हवा ३२ अंशांच्या खाली आलेली नसते. साडेनऊला गॅस बंद केला आणि सकाळी सातला पातेलं उघडलं, तर मधल्या साडेनऊ तासांतला बहुतेक वेळ अन्न त्याच धोक्याच्या पट्ट्यात होतं.

अनुकूल हवेत काही जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतात. एकापासून सुरुवात केली तर सात तासांत एकवीस वेळा दुप्पट, म्हणजे वीस लाखांच्या वर. प्रत्यक्ष पातेल्यात वाढ इतकी सरळ हिशोबाने होत नाही, पण एका रात्रीत केवढा फरक पडतो याचा अंदाज यावरून येतो.

वास छान येतोय, चवही बदललेली नाही. तरी टाकायचं?

हो. आंबूस वास, तार सुटणं, वर फेस किंवा बुडबुडे येणं ही अन्न नासवणाऱ्या जिवाणूंची कामं आहेत. माणसाला आजारी पाडणारे बरेच जिवाणू असं काही दाखवत नाहीत. ते पुरेसे वाढलेले असतात तेव्हाही आमटीला आमटीचाच वास येतो. त्यामुळे वास बिघडला असेल तर टाकाच, पण वास ठीक आहे म्हणून अन्न ठीक आहे असं धरू नका.

आणखी एक, चमचाभर तोंडात घालून पाहण्याची सवय सोडा. घरात बहुतेक वेळा ही परीक्षा आईच देते, आणि त्रास व्हायचा असेल तर तो तिलाच आधी होतो.

चांगलं खळाखळा उकळून घेतलं तर?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. उकळल्याने जिवंत जिवाणू मरतात, हे खरं आहे. मग अडतं कुठे?

पहिली अडचण बीजाणूंची, म्हणजे काही जिवाणू कठीण काळात टिकण्यासाठी जे टणक, झोपी गेलेलं रूप घेतात त्याची. बॅसिलस सिरियस नावाचा जिवाणू मातीत असतो आणि तिथून तांदूळ, डाळी, मसाले यांच्यात येतो. त्याचे बीजाणू भात शिजवताना मरत नाहीत. भात कोमट झाला की ते रुजतात, वाढतात आणि काही जाती सेरुलाइड नावाचं विष भातातच सोडतात. हे विष १२१ अंशांवर तास-दीड तास तापवलं तरी टिकतं. आपली फोडणी, मायक्रोवेव्ह, कुकर यांचा त्यापुढे काही उपयोग नाही. जिवाणू मरतात, पण त्यांनी केलेलं विष पोटात जातंच. अर्ध्या ते सहा तासांत मळमळ आणि उलट्या सुरू होतात.

दुसरा स्टॅफिलोकोकस ऑरियस. हा आपल्याच नाकात, हातांवर, चिघळलेल्या जखमेत असतो. हाताने कुस्करलेली बटाट्याची भाजी, मळलेला खवा, सोललेली अंडी, कालवलेली कोशिंबीर अशा हात लागलेल्या पदार्थांत तो उतरतो. त्याचं विषही उकळून जात नाही.

तिसरा क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स. मटणाचा रस्सा, चिकन, घट्ट डाळ आणि मोठमोठी पातेली हे त्याचं घर. ४३ ते ४५ अंशांच्या आसपास तो अतिशय वेगाने वाढतो, आणि मोठं पातेलं निवताना नेमकं त्याच तापमानात तासन्‌तास रेंगाळतं. याचं विष आपल्या आतड्यात तयार होतं, त्यामुळे इथे अन्न खाण्याआधी सगळीकडून ७० अंशांच्या वर नीट तापवल्याचा खरोखर उपयोग होतो. पण तुमच्या पातेल्यात यांपैकी कोण आहे हे तुम्हाला दिसत नाही. म्हणून उकळण्यावर विसंबू नका.

२००८ साली ब्रसेल्समधल्या वीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याने पाच दिवस घरच्या तापमानाला राहिलेली स्पॅगेटी मायक्रोवेव्हमध्ये गरम करून खाल्ली. रात्रीतच तो दगावला. वैद्यकीय नियतकालिकात या प्रकरणाची नोंद बॅसिलस सिरियसच्या विषबाधेशी जोडूनच झाली आहे. ही टोकाची घटना आहे. बहुतेक लोक दिवसभर उलट्या-जुलाब होऊन बरे होतात. पण गरम केल्याने सगळं मरतं, ही समजूत किती चुकीची आहे हे यातून कळतं.

आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या शिळं खातात. कोणाला काही झालं नाही.

हा अनुभव खोटा म्हणून झटकून टाकण्यासारखा नाही, कारण जुन्या घरांत शिळं म्हणून जे खात, त्यात बरंच शहाणपण होतं.

न्याहारीला काय असे? ज्वारी-बाजरीची शिळी भाकरी, ताक, लसणाची किंवा शेंगदाण्याची चटणी, कांदा. यात पाणी कमी असलेले नाहीतर आंबट पदार्थच जास्त, आणि दोन्हींत जिवाणूंची वाढ मंदावते. प्रवासाला दशम्या, धपाटे, गूळपोळ्या. सोलापूरकडची कडक भाकरी तर महिनोन्‌महिने टिकते, कारण तिच्यात ओलावा ठेवलेलाच नसतो. श्रावणात शितळा सप्तमीला ज्या घरांत चूल पेटवत नाहीत, तिथेही आदल्या दिवशी पुऱ्यांसारखे टिकणारे पदार्थ करून ठेवतात. कोकणात माशाचं कालवण दुसऱ्या दिवशी जास्त मुरतं म्हणतात, पण त्यात कोकम किंवा चिंच असते, आणि निजण्याआधी व सकाळी ते उकळून ठेवण्याची शिस्तही असते.

आता आपण त्या चौकटीच्या बाहेर जाऊन पनीरची ग्रेव्ही, व्हेज पुलाव, चिकन बिर्याणी, क्रीम घातलेला पास्ता हे सगळं तसंच ओट्यावर ठेवतो, आणि पूर्वीही असंच चालायचं म्हणतो. तसं चालत नव्हतं. शिवाय जुन्या काळी हगवण लागली तर ती हवा बदलल्याने लागली, बाधलं, असं म्हणून सोडून देत. आदल्या रात्रीच्या पातेल्याशी तिचा संबंध कोणी जोडतच नसे.

रात्री कालवण उकळून ठेवण्याने वाढलेले जिवाणू मरतात, बीजाणू राहतात, आणि पातेलं निवू लागलं की घड्याळ पुन्हा सुरू होतं. फ्रीज असेल तर कालवण फ्रीजमध्येच ठेवा. मुरायचं ते तिथेही मुरतं.

फोडणीचा भात तरी?

फोडणीचा भात सोडायला कोणी सांगणार नाही, पण त्यासाठीचा भात फ्रीजमधलाच हवा. रात्रभर बाहेर राहिलेल्या भाताला कितीही कडक फोडणी दिली, तरी सेरुलाइडचं काय ते वर सांगितलंच आहे.

जेवणं झाल्यावर उरलेला भात ताटात किंवा परातीत पसरा. पातेल्यात दाबून ठेवलेला भात मध्यभागी दोन-तीन तास गरम राहतो. पसरलेला वीस-पंचवीस मिनिटांत निवतो. मग डब्यात भरून लगेच फ्रीजमध्ये. ब्रिटनची अन्नसुरक्षा यंत्रणा भाताच्या बाबतीत जास्त कडक आहे: शक्यतो तासाभरात थंड करावा, फ्रीजमध्ये चोवीस तासांहून जास्त ठेवू नये, आणि गरम एकदाच करावा. सकाळी मोकळा करून फोडणीत वाफ येईपर्यंत परता. फ्रीजमधल्या भाताचं शीत सुटं होतं, त्यामुळे फोडणीचा भात चवीलाही उजवाच होतो.

चायनीजच्या गाड्यांवर आधी शिजवून ठेवलेला भात दिवसभर टोपात असतो, तो याच कारणाने धोक्याचा. तिथे खायचं असेल तर संध्याकाळी लवकर खा.

शिळी पोळी, भाकरी?

साधी पोळी किंवा भाकरी रात्रीची सकाळी खायला हरकत नाही. भाजताना तिच्यातलं पाणी बरंच उडून जातं. गरम पोळ्या घट्ट झाकणाच्या डब्यात कोंबल्या तर आत वाफ धरते, तेवढं टाळा; जाळीवर निववून, कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेवा. पावसाळ्यात मात्र दुसऱ्या दिवशी नीट निरखून पाहा. हिरवा-काळा ठिपका दिसला तर तेवढाच तुकडा काढून उरलेली खाऊ नका. बुरशीचे तंतू दिसतात त्याहून आत गेलेले असतात आणि काही बुरश्यांचं विष तव्यावर भाजून जात नाही. ब्रेडलाही हेच लागू.

फोडणीची पोळी, कुस्करा, गूळ-तुपातला मलिदा करायला शिळी पोळीच लागते. खुशाल करा. आलू पराठा, पनीर पराठा, कोबीचा पराठा यांना मात्र पोळी समजू नका. आतलं सारण ओलं असतं, ते भाजीच्याच हिशोबाने ठेवायचं.

शिळ्या पोळीने साखर कमी होते, असं व्हॉट्सअ‍ॅपवर आलं होतं. खरं का?

अन्न निवल्यावर त्यातला थोडा पिष्टमय भाग असा बदलतो की तो लहान आतड्यात पचत नाही. त्यामुळे साखर थोडी सावकाश चढते. परिणाम लहान आहे, आणि फ्रीजमध्ये निवलेल्या भातालाही तो लागू आहे. त्यासाठी रात्रभर बाहेर ठेवायची गरज नाही. मधुमेह असलेल्यांना संसर्ग जास्त त्रासदायक ठरतो, तेव्हा त्यांनी तर बाहेर राहिलेलं टाळावंच.

ताकात कालवलेला शिळा भात, आंबील, इडलीचं पीठ हेही रात्रभर बाहेरच असतं की!

हो, आणि ते वेगळ्या जातीचं आहे. तिथे दुधाचं दही करणारे लॅक्टिक आम्लाचे जिवाणू कामाला लावलेले असतात. ते पदार्थ आंबट करतात, आणि सामू (आंबटपणाचं माप, pH; जितका कमी तितकं आंबट) ४.६ च्या खाली गेला की बहुतेक घातक जिवाणूंना वाढता येत नाही. इडली-आंबोळीचं पीठ आंबल्यावर पुन्हा शिजतंही. आंबिलीसाठी पीठ ताकात भिजवून ठेवतात आणि नंतर शिजवतात. ओडिशात पखाळ, बंगालात पांता भात, आसामात पोइता भात अशी पाण्यात आंबवलेल्या भाताची मोठी परंपरा आहे.

अडचण आंबटपणा येईपर्यंतच्या पहिल्या काही तासांची. नुसत्या पाण्यात ठेवलेल्या भातात कोण आधी वाढेल हे आपल्या हातात नसतं. म्हणून भात निवल्याबरोबर, स्वच्छ भांड्यात, भरपूर ताजं आंबट ताक किंवा दही घालून कालवा. सकाळी तो आंबट लागला पाहिजे. दुपारपर्यंत संपवा. पातेल्यात विसरलेल्या भातावर सकाळी ताक ओतलं, तर त्याचा दहीभात होतो, सुरक्षित भात होत नाही.

पुरणपोळी, मोदक, प्रसादाचा शिरा?

नीट भाजलेली पुरणपोळी थंडीच्या दिवसांत दुसऱ्या दिवशी चालते. होळीच्या सुमारास ऊन तापायला लागलेलं असतं. तेव्हा उरलेलं पुरण, कटाची आमटी आणि शक्यतो पोळ्याही फ्रीजमध्ये. गूळपोळीत तिळगुळाचं कोरडं सारण असतं, ती आठवडाभर सहज राहते. उकडीचे मोदक त्याच दिवशी संपवावेत, कारण ओला नारळ आणि वाफवलेली तांदळाची उकड दोन्ही लवकर उतरतात. तळणीचे मोदक टिकतात. केळं आणि दूध घातलेला सत्यनारायणाचा शिरा रात्रभर बाहेर राहिला तर देवाचं नाव घेऊनही खाऊ नये. पेढे, बर्फी, खव्याची पोळी यांना हात फार लागलेला असतो, म्हणून फ्रीज.

ओल्या नारळाची चटणी हा तर सगळ्यांत नाजूक पदार्थ. सकाळच्या इडलीबरोबरची संध्याकाळी नको.

कॅसरॉलमध्ये ठेवलं की गरम राहतं, मग ते सुरक्षित ना?

जेवायच्या वेळेपर्यंत, हो. रात्रभर मात्र कॅसरॉल उघड्या पातेल्यापेक्षाही वाईट. तो अन्न ६० अंशांच्या वर दोन-तीन तासच धरतो; पुढे ते पन्नास-चाळीस अंशांवर हळूहळू घसरत राहतं, आणि परफ्रिंजेन्सला याहून चांगली जागा मिळायची नाही. हाताला कोमट लागणारं अन्न फेकावं, हा कॅसरॉलपुरता साधा नियम ठेवा.

कुकरचं झाकण उघडलंच नाही. आत सगळं निर्जंतुक असणार?

शिट्टी होताना कुकरमध्ये १२० अंशांच्या आसपास तापमान असतं, त्यामुळे ही शंका रास्त आहे. पण डाळ-भाताला आपण देतो त्या तीन-चार शिट्ट्यांत भांड्याच्या मध्यभागचे सगळे बीजाणू मरतीलच असं नाही. शिवाय कुकर निवताना बाहेरची हवा आत ओढली जाते. तो डबाबंद अन्नासारखा हवाबंद राहत नाही. न उघडलेला कुकरही दोन तासांच्याच नियमात बसतो.

गरम अन्न ठेवलं की फ्रीज बिघडतो, म्हणून निवायला ठेवतो आणि झोप लागते.

रात्री अन्न बाहेर राहण्याचं खरं कारण बहुतेक घरांत हेच आहे. वाफाळतं पातेलं सरळ आत ठेवू नये, इतकंच त्यातलं खरं. शेजारचं दूध-भाजी त्याने तापतं. पण पूर्ण गार होण्याची वाट पाहायची काही गरज नाही. कोमट अन्न आजचे फ्रीज सहज सांभाळतात.

लवकर निववायचं तर खोली कमी करा. मोठ्या पातेल्यातली आमटी दोन-तीन पसरट डब्यांत ओता, थर दोन इंचांहून जाड नको. परातीत गार पाणी घालून त्यात डबे ठेवा आणि मधूनमधून ढवळा. ओटा पुसून होईपर्यंत आमटी ठेवण्याजोगी होते. झाकण सुरुवातीला थोडं उघडं ठेवा. आणि सगळ्यांत सोपी गोष्ट: वाढायला बसण्याआधीच, उरणार हे दिसत असेल तर तेवढं वेगळं काढा. त्याला ताटातला चमचा लागत नाही आणि ते जेवणं होईपर्यंत निवतंही.

झोप लागण्याची भीती असेल तर मोबाईलवर दहाचा गजर लावा. अनेक घरांत ही एक सवय बाकी सगळ्या नियमांपेक्षा जास्त कामाला येते.

फ्रीजमध्ये मग किती दिवस?

फ्रीज ५ अंश किंवा त्याहून खाली हवा. शिजवलेली भाजी, आमटी, चिकन, मटण तीन दिवस, फार तर चार. भात एक दिवस. सालासकट उकडलेली अंडी आठवडाभर. लिस्टेरियासारखे जिवाणू फ्रीजच्या थंडीतही हळूहळू वाढतात, म्हणून गरोदर बाईला जुनं अन्न देऊ नका. गरम करताना लागेल तेवढंच काढा, वाफा येईपर्यंत तापवा. मायक्रोवेव्हमध्ये कडेला चटका आणि मध्ये गार असं होतं. मध्येच थांबून ढवळा.

वीज गेली तर दार उघडू नका. बंद फ्रीज साधारण चार तास थंडी धरतो, गच्च भरलेला फ्रीझर दोन दिवस. भारनियमन आठ-आठ तासांचं असलेल्या गावात फ्रीजवर फार भिस्त ठेवता येत नाही. तिथे मोजकं शिजवणं हाच उपाय.

फ्रीजच नाही. खोलीवर चौघे राहतो.

ऊसतोडीच्या कोपीपासून पुण्यातल्या स्पर्धा परीक्षावाल्यांच्या खोलीपर्यंत असंख्य लोकांचं हेच आहे, आणि त्यांना फ्रीज घ्या असं सांगणं म्हणजे काहीच न सांगणं. रात्रीसाठी ओलं अन्न माणशी मोजून शिजवा. उरायचं असेल ते पोळी-भाकरीच उरू दे. सकाळसाठी रस्साभाजी ठेवण्याऐवजी शेंगदाण्याची चटणी, ठेचा, भाजलेले शेंगदाणे, गूळ, ताजं दही. दुपारचं वरण रात्री खायचंच असेल तर निदान तीन-चार तासांनी एकदा पूर्ण उकळा आणि रात्री संपवा, सकाळवर नेऊ नका. रांजणाच्या गारव्याने किंवा ओल्या फडक्याने अन्न थोडं गार राहतं, पण ५ अंशांच्या जवळपासही जात नाही.

सकाळी सातला भरलेला डबा दुपारी एकला खातो. तोही सहा तासांचाच झाला की!

बरोबर. म्हणूनच डब्यात पोळी आणि कोरडी परतलेली भाजी देण्याची पद्धत पडली असावी. भेंडी, बटाट्याच्या काचऱ्या, गवार, झुणका हे पिठल्यापेक्षा आणि पनीरच्या रश्शापेक्षा बरे. भाजी सकाळी ताजी केलेली हवी. रात्रीची देणार असाल तर फ्रीजमधली काढून उकळती गरम करून भरा. रस्सा द्यायचाच तर थर्मास उकळत्या पाण्याने आधी दहा मिनिटं तापवा, मग उकळता रस्सा भरा. शाळेतल्या लहान मुलांच्या डब्यात मे-जूनमध्ये अंडी, चिकन, मेयोनीज लावलेली सँडविचेस नकोत. ऑफिसात फ्रीज असेल तर पोचल्याबरोबर डबा त्यात ठेवा.

पितळेच्या पातेल्यात राहिलेलं ताक, कढी?

कल्हई नसेल तर आंबट पदार्थ कळकतो. तांबं अन्नात उतरतं आणि मळमळ, उलट्या होतात. गरम करून काही उपयोग नाही, टाकून द्या. लोखंडी कढईत राहिलेली भाजी काळी पडते. ती विषारी होत नाही, पण रात्रभर बाहेर राहिली म्हणून नकोच.

लग्नातलं, भंडाऱ्यातलं उरलेलं घरी आणावं का?

घरच्या पातेल्यापेक्षा इथे धोका कितीतरी मोठा. शंभर लिटरचं पातेलं स्वतःहून निवायला अख्खी रात्र घेतं. ते कधी शिजलं, कोणाच्या हातून गेलं, मांडवात किती तास होतं, यांतलं काहीच आपल्याला माहीत नसतं. पंगत चालू असताना गरम वाढलेलं तिथेच खा. आयोजक असाल तर उरलेलं तासाभरात लहान भांड्यांत वाटून जवळच्या वस्तीत लगेच जेवायला घाला, दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका.

फेब्रुवारी २०२४ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार तालुक्यात एकादशीचा भगर-आमटीचा प्रसाद खाऊन शेकडो लोक आजारी पडले. रुग्णालयात जागा नव्हती म्हणून रस्त्यावर दोऱ्यांना सलाइन टांगावी लागली. भगरीला शिळेपणाखेरीज बुरशीचाही धोका असतो, कारण ती हवेतला ओलावा चटकन धरते. सुटं भगरीचं पीठ आणू नका. पाकीटबंद भगर आणून घरी निवडून, धुऊन, लागेल तेवढीच करा आणि त्याच दिवशी संपवा. उपवासाच्या साबुदाणा खिचडीत शिजलेला बटाटा असतो, तीही रात्रीची सकाळी नको.

आम्ही नाही खात, पण कामाला येणाऱ्या मावशींना देतो. टाकण्यापेक्षा बरं ना?

जे अन्न आपण आपल्या मुलाला देणार नाही, ते त्यांनाही देऊ नये. त्यांच्याही घरी लहान मुलं आहेत, आणि आजारी पडल्या तर त्यांचा दिवसाचा पगार बुडतो. द्यायचं असेल तर रात्रीच डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवा आणि सकाळी केव्हाचं आहे ते सांगून द्या. घ्यायचं की नाही ते त्या ठरवतील. गाई-कुत्र्यांनाही बुरशी आलेलं, नासलेलं घालू नका. ते ओल्या कचऱ्यात किंवा खताच्या खड्ड्यात जाऊ दे.

खाऊन झालं आणि आता पोट बिघडलंय. काय करावं?

घाबरू नका, बहुतेकांना एक-दोन दिवसांत आराम पडतो. उलट्या लगेच, म्हणजे सहा तासांच्या आत सुरू झाल्या तर बहुधा अन्नात आधीच तयार झालेलं विष असतं. जुलाब आणि पोटात मुरडा सहा ते चोवीस तासांनी येतो. ताप येऊन दोन-तीन दिवसांनी सुरू झालं तर साल्मोनेलासारखा संसर्ग असू शकतो.

मुख्य काम शरीरातलं पाणी आणि क्षार राखण्याचं. दुकानातलं जलसंजीवनीचं पाकीट त्यावर लिहिलं आहे तेवढ्याच पाण्यात, बहुधा एक लिटरमध्ये, पूर्ण विरघळवा. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. मीठ अंदाजाने जास्त टाकू नका, लहान मुलाला ते घातक ठरतं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून चमच्या-चमच्याने पुन्हा द्या. हे साधं पाणी किती जीव वाचवतं ते १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी कॉलऱ्याच्या साथीत दाखवून दिलं होतं. सोबत भाताची पेज, ताक, केळं. अंगावरचं दूध पिणाऱ्या बाळाचं दूध बंद करू नका. जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या मुलांना देऊ नका, आणि ताप किंवा रक्त असेल तर मोठ्यांनीही घेऊ नका.

शौचात रक्त, जास्त ताप, सहा-आठ तास लघवी नाही, पाणीही पोटात टिकत नाही, डोळे खोल गेले, मूल मलूल पडलं, दृष्टी दुहेरी होतेय किंवा जीभ जड झाली, डोळे पिवळे दिसतात, यांपैकी काहीही झालं तर थेट रुग्णालय गाठा; गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. पाच वर्षांखालचं मूल, गरोदर बाई, साठीपुढची माणसं, किडनी किंवा मधुमेहाचे रुग्ण यांच्यासाठी इतकीही वाट पाहू नका.

एकाच जेवणानंतर दोघा-तिघांना त्रास झाला असेल तर उरलेलं अन्न लगेच फेकू नका. झाकून, वर चिठ्ठी लावून फ्रीजमध्ये ठेवा म्हणजे कोणी चुकून खाणार नाही, आणि जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा. तपासणीला तो नमुना लागतो.